शेत एका गावी, दप्तर दुसऱ्या गावी

जून महिन्यात, मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे व जातीचे दाखले काढावयास आलेल्या पालकांची मुखेडच्या सेवा केंद्रांपुढे रीघ लागलेली असताना, एका केंद्रातील संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उमटलेली मी पाहिली; तिचा अर्थ इतकाच, की ज्यावरून कारभार सुरू करावा अशी डिस्कच सापडत नाही. केंद्रचालक चकित झाला, कारण विंडोज होते ते नव्या एसएसडीवर, आणि आदल्या संध्याकाळी काढून ठेवली होती ती केवळ खरखर करू लागलेली जुनी हार्ड डिस्क.

ज्यांचा तलाठ्याच्या चावडीशी संबंध आला आहे, त्यांना या कोड्याची उकल कठीण वाटू नये. एका सज्जात अनेक गावे असतात, आणि शेत एका शिवारात असले तरी त्याचे दप्तर सज्जाच्या गावी असू शकते. संगणकात वीज येताच मदरबोर्डवरील यूईएफआय ही प्रणाली प्रथम जागी होते आणि आपल्यापाशी नोंदलेल्या क्रमानुसार कोणत्या डिस्कवरील बूट मॅनेजरला हाक द्यावयाची ते ठरवते. तो बूट मॅनेजर एका लहानशा, एरवी दृष्टीस न पडणाऱ्या विभागात असतो. जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच नव्या डिस्कवर विंडोज टाकले, तर पुष्कळदा जुन्या डिस्कवरील तयार विभागच वापरला जातो, आणि विंडोजची वस्ती नवी असूनही तिचे दप्तर जुन्या चावडीतच राहते.

1983 पासून आयबीएमच्या संगणकांवर रूढ झालेल्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांतच आरंभीचा आदेश आणि 4 विभागांची यादी मावत असे; अशा जुन्या व नव्या पद्धतीच्या डिस्का एकाच यंत्रात नांदत असल्या, आणि मदरबोर्डवरील 3 व्होल्टांची गोल बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर गेले, तरीही नेमकी हीच ओळ दिसू शकते.

अशा प्रसंगी घाबरून डिस्क फॉरमॅट करणे हा घात होय, कारण माहिती बहुधा जागच्या जागी सुरक्षित असते. त्या केंद्रात जुनी डिस्क पुन्हा जोडताच विंडोज सुरू झाले. दिवसभराचे दाखले निघाले, सायंकाळी महत्त्वाच्या फायलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली गेली, आणि त्यानंतरच एसएसडीवर छोटा विभाग काढून ‘बीसीडीबूट’ या विंडोजमधीलच आज्ञेने दप्तर तेथे हलविण्यात आले. मूळ स्थापनेच्या वेळी मात्र दुसऱ्या डिस्कची केबल दहा मिनिटे काढून ठेवली असती, तर रांगेतल्या एकाही माउलीला परत जावे लागले नसते.