कर्ता कोण, ते आधी लिहा

पहाटे ५

मार्च संपत आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली गावं उजाडायच्या आधीच रिकामी होतात. मोहफुलं रात्रभर गळतात आणि ती जनावरांच्या आधी वेचावी लागतात. माझ्या शाळेतली निम्मी मुलं या वेळी टोपली घेऊन झाडाखाली असतात. शाळा सकाळची असली तरी या दिवसांत हजेरी मी जरा उशिरा घेतो. मोह्याच्या पैशावर घराचं मीठ-तेल चालतं, त्यासाठी कुणाला रागावू नये, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ८

तिसरी-चौथी एकत्र बसतात. माझ्या वर्गात फळ्यावर सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्य लिहायचं. आज प्रत्येकाने सकाळी काय केलं ते एका वाक्यात लिहायचं आहे. चौथीतली एक मुलगी लिहिते, 'मी फुलं वेचलो.'

या वाक्यावर लाल शाई मारणं सोपं आहे. पण त्या मुलीने ते घाईत किंवा निष्काळजीपणे लिहिलेलं नाही. तिच्या घरी गोंडी बोलतात. गोंडीत क्रियापद कर्त्याला धरून चालतं, भूतकाळातही. शिवाय 'मी' म्हणणारा बाप्या आहे की बाई, हे गोंडी क्रियापद सांगत नाही. मराठी मात्र भूतकाळात, वाक्यात कर्म असलं की, वेगळीच वाट धरते. मी मोहा वेचला, मी टोपली भरली, मी फुलं वेचली. वेचणारी तीच असते आणि क्रियापद मात्र जे वेचलं त्याच्यामागे जातं. मराठी घरातल्या मुलाच्या कानाला हे आपोआप कळतं. या मुलीला ते शिकावं लागतं, आणि तेही नियम पाठ करून जमत नाही.

लिंगाचंही तसंच. गोंडीत एकवचनात पुरुष एका बाजूला, आणि बाई, गाय, झाड, दगड हे सगळे दुसऱ्या बाजूला. मराठीत तीन घरं. म्हणून 'ती' आणि 'ते' यांची गल्लत होते आणि तपासणीला आलेला माणूस 'मुलं कच्ची आहेत' असा शेरा मारून जातो. मुलं कच्ची नाहीत. एका भाषेची पक्की घडण घेऊन ती दुसऱ्या भाषेत येत आहेत.

मी असं करतो. मुलं वाक्य आधी गोंडीत सांगतात, मी ते देवनागरीत फळ्याच्या डाव्या बाजूला लिहितो. उजवीकडे मराठी. मग कोणी केलं, काय केलं, क्रियापद कोणामागे गेलं, ते बोट ठेवून शोधायचं. आज टोपली, मोहा, फुलं, पानं आलटूनपालटून घातली आणि मुलांनी क्रियापद बदलत नेलं. 'वेचली'वर ती मुलगी आपणहून पोचली.

चित्राखाली शब्द असलेले तक्ते आमच्या भिंतीवरही आहेत. ते असू द्यावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. कावळा, विमान, डबा असे शंभर शब्द येणारं मूल आरोग्य केंद्रात गप्प उभं राहतं. 'बाबांना कालपासून ताप आहे, त्यांनी काही खाल्लं नाही' एवढं एक वाक्य ज्याला जोडता येतं, ते मूल बापाला औषध मिळवून देतं. आधी वाक्य यावं. शब्द त्याच्या आधाराने येत राहतात.

सकाळी १०

लांब वाक्यांची पाळी. इथे दोन्ही भाषा जवळ येतात. 'काल वेचलेला मोहा', 'बाजारातून आलेला मामा' ही रचना मुलांना पटकन जमते, कारण गोंडीतही धातुसाधित असंच नामाच्या आधी बसतं. 'जो मामा बाजारातून आला, तो' हे नंतर शिकवलं तरी चालतं. पाठ्यपुस्तकाचा क्रम उलटा करावा लागतो, तो मी करतो.

दुपारी १२

शाळा सुटली, गोंडीचा विचार मात्र डोक्यातून सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं संविधानाचा अनुच्छेद ३५० क सांगतो. आमच्याच तालुक्यातल्या मोहगावने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा ग्रामसभेच्या बळावर सुरू केली. ती वाट मला बरोबर वाटते. गोंडीत ज्याचं वाक्य घडलं, त्याचं मराठीतही घडतं.

दुपारी ३

गावातला एक पदवीधर मुलगा कागद घेऊन येतो. 'सर, शेजाऱ्याच्या दाव्यासाठी आजोबांचा जबाब लिहायचा आहे.' २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक मोलाची गोष्ट आहे. दावेदार नसलेल्या ज्येष्ठ माणसाचं निवेदन, लेखी उतरवून घेतलेलं. नकाशा, पावती, सरकारी नोंद यांच्या जोडीला म्हाताऱ्याचं बोलणंही पुरावा ठरतं. पण ते कागदावर वाक्य होऊन उभं राहिलं तरच.

मुलाने लिहून आणलं होतं, 'सदर जमीन पूर्वापार कसण्यात येत आहे.' कोण कसतं? कधीपासून? म्हाताऱ्याला ते कसं माहीत? या वाक्यात काहीच सापडत नाही, आणि दावा नाकारणाऱ्याला असंच वाक्य हवं असतं.

आम्ही आजोबांकडे गेलो. ते गोंडीत बोलत राहिले, मुलगा मराठीत लिहीत गेला. शेवटी उतरलं ते असं. 'गडचिरोली जिल्हा झाला त्याच्या आधी, माझ्या थोरल्या मुलाचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात, शेजाऱ्याच्या वडिलांनी ओढ्यापलीकडची ही जमीन फोडली. मी त्यांच्यासोबत झुडपं तोडायला होतो. तेव्हापासून त्यांचं घर तिथे धान पेरतं.' जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला आणि कायद्याची अट आहे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ताब्याची. जिल्हा झाल्याची तारीख मुलाने खाली वेगळ्या ओळीत टीप म्हणून लिहिली, आजोबांच्या तोंडी घातली नाही. इथे फार जपावं लागतं. वाक्य नीट करायचं म्हणजे व्याकरण सावरायचं, माणूस जे बोलला नाही ते भरायचं नाही. मुलाने जबाब पुन्हा गोंडीत वाचून दाखवला. 'झुडपं नाही, साजाची झाडं होती, गुरुजी,' आजोबा म्हणाले. बदल केला, मग अंगठा.

संध्याकाळी ६

जेवण लवकर उरकलं. रात्री ग्रामसभा आहे, विषय तेंदूपत्ता. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे इथल्या ग्रामसभा पानांची विक्री स्वतः करू शकतात. ज्या गावाचं नाव ग्रामसभेच्या कारभारासाठी देशभर गेलं ते मेंढा (लेखा) आमच्याच तालुक्यातलं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषय घोळला जातो. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा, आणि गोंडीतली 'मावा नाटे मावा राज'. दोन्हींत क्रियापद नाही, तरी अर्थाला कुठे फट नाही. राज्य कोणाचं आणि कुठे, ते सांगून झालेलं आहे.

रात्री ८

पानं घेणाऱ्या ठेकेदाराकडून आलेल्या कराराच्या मसुद्यात एक वाक्य होतं. 'संकलनाची मजुरी नियमानुसार वेळेत अदा करण्यात येईल.' मी ते दोनदा वाचलं आणि बसलेल्यांना विचारलं, 'यात पैसे देणारा कोण आहे?' मागून एक काका म्हणाले, 'कोणीच नाही.'

सरकारी मराठीने आपल्याला ही सवय लावली आहे. ठरविण्यात आले, कळविण्यात येते, देण्यात येईल. दफ्तरात ती चालत असेल. जिथे मजुरी अडकते तिथे हे रूप घातक आहे, कारण भांडायला समोर माणूसच उरत नाही. ग्रामसभेच्या ठरावात ते येऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तासभर घोळून वाक्य नव्याने झालं. 'ज्या कुटुंबाने आठवड्यात जितके पुडे संकलनाच्या फळीवर दिले, तितक्यांची मजुरी ठेकेदार त्या आठवड्याच्या शेवटी त्याच कुटुंबाच्या बँक खात्यात भरील, आणि ती भरेपर्यंत गोण्या उचलणार नाही.' पुडा म्हणजे ७० पानं, हेही लिहिलं. वाक्य लांब आहे, पण त्यातला एकही शब्द काढला तर कोणाचं तरी नुकसान होतं.

दुपारच्या त्या पदवीधर मुलाने ते गोंडीत सांगितलं. तेव्हा भिंतीकडेला बसलेली एक बाई म्हणाली, 'पानं वाळत घातली आणि पाऊस आला तर?' दुसरं वाक्य आलं. 'पुडे मोजून घेतल्यावर पाने खराब झाली तर तो तोटा ठेकेदाराचा.' लगेच प्रश्न आला, मोजतानाच पानं खराब आहेत म्हणून त्याने पुडे परत केले तर? खराब की चांगली, हे ठरवणार कोण? पुन्हा कर्ताच हवा होता. ग्रामसभेने नेमलेली दोन माणसं, त्यांत एक बाई, असं ठरलं आणि तेही वाक्यात बसवलं. मग ठराव पहिल्यापासून दोन्ही भाषांत वाचला, कोणाची हरकत नाही ना, हे विचारलं आणि सह्या-अंगठे सुरू झाले. मसुद्यातलं जुनं वाक्य मुलाने सगळ्यांसमोर आडवी रेघ मारून खोडलं आणि शेजारी तारीख टाकली.