आई पडली, हाड मोडलं. मग फिरत्या लेकराने कॅम्पर व्हॅन किती दिवस उभी ठेवायची?

गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी आणि लॅपटॉपवर काम. आज स्पिती, पुढच्या महिन्यात गोकर्ण. असं जगणारी मराठी पोरं-पोरी आता रील्समध्ये बऱ्यापैकी दिसतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण असा प्रवास एका फोनने थांबतो: "आई बाथरूममध्ये पडली."

मग भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते. एकाला सुट्टी नाही, दुसरीच्या मुलाची दहावी आहे. सगळ्यांच्या नजरा फिरणाऱ्याकडे वळतात. "तुझं काम तर कुठूनही होतं ना!" तो गाडी नागपूरकडे वळवतो. पण किती दिवसांसाठी, हे कुणीच बोलत नाही. पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

नागपुरात असा फोन आला की पत्ता बहुतेकदा रामदासपेठ किंवा धंतोलीचा असतो. शहरातली कितीतरी खासगी रुग्णालयं या शेजारशेजारच्या भागांत आहेत. सरकारी उपचारांसाठी मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. ऑपरेशन कुठेही झालं, तरी काही दिवसांनी पेशंट घरी येतो आणि खरी कसोटी तिथून पुढे असते.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

उतारवयात पडल्यावर सगळ्यात जास्त भीती असते ती खुब्याच्या हाडाची. तब्येत साथ देत असेल तर ऑपरेशन पहिल्या एक-दोन दिवसांत करतात आणि शक्य झालं तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. कारण पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. चालणं मात्र सहा महिने ते वर्षभर सुधारत राहतं.

म्हणजे मुक्कामाचा हिशोब साधारण १२ आठवड्यांचा धरावा. पण हे बाराही आठवडे सारखे नसतात.

पहिले दोन आठवडे: चोवीस तास कुणीतरी जवळ हवं. काही पेशंट रात्री गोंधळतात, असंबद्ध बोलतात, माणसं ओळखत नाहीत. ऑपरेशननंतर वयस्कर लोकांमध्ये हे बरेचदा दिसतं. घाबरू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा. पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पू आला किंवा दम लागला, तर थांबू नका.

तिसरा ते सहावा आठवडा: मुख्य काम फिजिओथेरपीचं. आंघोळ आणि शौचाला मदत लागते. दिवसा अटेंडंट ठेवता येतो, त्यामुळे तुमचं लॅपटॉपचं काम पुन्हा सुरू होऊ शकतं.

सातवा ते बारावा आठवडा: आता मदत हळूहळू कमी करायची. इथेच बहुतेक घरं चुकतात. प्रेमापोटी पाण्याचा ग्लासही हातात देतात. आई खुर्चीतून उठतच नाही आणि स्नायू आणखी कमजोर होतात. तिला सोसेल तेवढं तिनेच करायचं, आपण शेजारी उभं राहायचं.

घरात काय बदलायचं?

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आणा. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवा. पाट, बुटकी स्टुलं, मांडी घालून बसणं बंद; सांधा बदलला असेल तर तो निखळू शकतो. नागपुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कूलर. त्याचं गळणारं पाणी आणि जमिनीवरून गेलेली वायर म्हणजे पुन्हा पडायला आमंत्रण.

आणि हो, साधं उभं असताना पडून हाड मोडलं असेल, तर हाडं ठिसूळ झाल्याची शक्यता मोठी असते. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व आणि पुढच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचाराच. नाहीतर काही दिवसांनी दुसरा फ्रॅक्चर समोर येतो.

पैसे आणि सुट्टी

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. त्यातून योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. मात्र डिस्चार्जनंतरचा औषधं-तपासण्यांचा खर्च त्यात १५ दिवसांपुरताच धरला जातो. पुढच्या अडीच महिन्यांचा अटेंडंट आणि घरी येणारा फिजिओ खिशातूनच.

म्हणूनच "ज्याला वेळ आहे त्याने वेळ द्यावा" हे बरोबर असलं, तरी "ज्याला वेळ नाही त्याने पैसा द्यावा" हा त्याचा दुसरा भाग आहे. थांबणाऱ्याचं बुडालेलं उत्पन्नही खर्चात धरा.

नोकरदार भावंडांना पूर्ण सूट मिळते असंही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धपगारी आणि ८ दिवस किरकोळ रजा असते. ती आईवडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते, असं सरकारने २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितलं. अमेरिकेतल्या भावंडाला तिथल्या १९९३ च्या कायद्यानुसार, तो पात्र असेल तर, आजारी आईवडिलांसाठी १२ आठवडे बिनपगारी रजा मिळू शकते. म्हणजे एकाने पहिले चार आठवडे, दुसरीने पुढचे तीन, अशी वाटणी नक्कीच होऊ शकते.

गाडी पुन्हा कधी काढायची?

तारखेपेक्षा या चार गोष्टी बघा. आई रात्री एकटी बाथरूमला जाऊन येते का? खुर्चीतून आधाराशिवाय उठते का? गोळ्या स्वतः वेळेवर घेते का? अडचण आली तर दहा मिनिटांत पोहोचेल असं कुणी आहे का?

चारही उत्तरं "हो" असतील तर आधी पेंच किंवा ताडोब्यापर्यंत दोन रात्रींची फेरी करा. आई त्या दोन रात्री कशी राहिली, ते बघा आणि मगच लांबचा रस्ता धरा. तोवर उभ्या गाडीची बॅटरी उतरू देऊ नका, टायरची हवा बघा आणि विमा, पीयूसीची मुदत तपासा. आणि ग्रुपवर १२ आठवड्यांनंतरची एक तारीख आजच टाका. त्या दिवशी सगळ्या भावंडांनी मिळून पुढचं ठरवायचं.