लांबलेला खोकला व फुप्फुसाचा कर्करोग

खेड्यात एखाद्याचा खोकला महिनोन् महिने चालला तरी त्याची फारशी दखल घेतली जात नाही. विडी ओढणाऱ्यास खोकला असावयाचाच, असे लोक धरून चालतात; आणि खोकल्यातून रक्त पडू लागले की क्षय झाला, असा निर्णय घरीच होतो. पुष्कळदा तो क्षयच असतो. परंतु काही वेळा त्याच लक्षणांआड फुप्फुसाचा कर्करोग दडलेला असतो, आणि तो ओळखण्यात गेलेला काळ रोग्यास फार महाग पडतो. यास्तव या रोगाची माहिती शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

मानवी शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात व गरजेपुरत्याच नव्या तयार होतात. हे नियंत्रण बिघडून पेशी बेसुमार वाढू लागल्या म्हणजे कर्करोगाची गाठ बनते. ती शेजारच्या भागात शिरते, व तिच्यातील पेशी रक्तावाटे यकृत, हाडे, मेंदू येथवर पोचतात. फुप्फुसातील गाठ लहान असताना सहसा दुखत नाही. म्हणूनच हा रोग बराच काळ गुप्त राहतो.

या रोगाचे मुख्य कारण धूम्रपान होय. लंडनमधील डॉल व ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी इस्पितळांतील रोग्यांची चौकशी करून 1950 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या 649 पुरुषांत धूम्रपान न करणारे केवळ 2 आढळले. इतर रोगांच्या तितक्याच पुरुषांत असे 27 होते. आरंभी डॉल यांस रस्त्यावरील डांबराचा संशय होता; परंतु पुरावा पाहून त्यांनी स्वतःच धूम्रपान सोडले. पुढे ब्रिटिश डॉक्टरांचे पन्नास वर्षे निरीक्षण करण्यात आले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे 10 वर्षांनी घटते, आणि पन्नाशीत व्यसन सोडणाऱ्यास त्यांपैकी सुमारे 6 वर्षे परत मिळतात, असे 2004 साली दिसून आले. अर्थात, ‘आता सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न निराधार ठरतो.

विडी सिगारेटहून निरुपद्रवी आहे, हा समजही चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी विझू नये म्हणून जोराने व वारंवार ओढावी लागते, व विषारी धूर फुप्फुसात खोलवर जातो. तथापि, धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो. दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर व दूषित हवा हीही त्याची कारणे आहेत. म्हणून रोग्यास दोष देऊ नये.

क्षय व कर्करोग या दोहोंत खोकला, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे समान असतात; क्ष-किरण चित्रातही दोहोंचे डाग सारखे दिसू शकतात. यामुळे काही रोग्यांस क्षयाची औषधे दिली जातात व कर्करोग वाढत राहतो. यावर उपाय एकच: दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासावी, थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता डाग दिसत असेल, किंवा औषधांनी गुण येत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात पुढील तपासणी करून घ्यावी. गाठीचा अंश काढून तपासल्यावरच कर्करोगाचे निश्चित निदान होते. आवाज बसणे, दम लागणे, छातीत सतत दुखणे यांकडेही दुर्लक्ष करू नये. रोग लवकर कळल्यास शस्त्रक्रियेने तो बरा होण्याचा संभव असतो.

येथे शिक्षकास पुष्कळ करता येईल. कर्करोग सांसर्गिक नाही. रोग्याच्या मुलास वर्गात कोणी दूर बसवू लागल्यास हे समजावून सांगावे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, तसेच अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहावे. मुलांस विड्या आणावयास पाठवू नये, हे पालकसभेत सांगावे. शिक्षकाने स्वतः विडी न ओढणे हा तर पहिला धडा होय.

रोगाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु गावात खोकणारा कोण आहे व किती दिवसांपासून, हे त्यास ठाऊक असते. त्या माणसास वेळीच दवाखान्याची वाट दाखविली, तरी एखादे घर उघडे पडण्यापासून वाचू शकेल.