त्रैराशिक आणि रेल्वेचे तिकीट

त्रैराशिक म्हटले की मजूर, विहीर आणि धान्याचा भाव यांचीच उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु हेच जुने गणित आज संगणकाच्या कामीही येते. आपले लोधीखेडा नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावर आहे. तेव्हा उदाहरण रेल्वेचेच घेऊ.

आय.आर.सी.टी.सी.च्या संकेतस्थळावर घरबसल्या आरक्षित तिकीट मिळते. हे काम करणाऱ्या मोठ्या संगणकांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर हा जणू खिडकीवरचा कारकूनच; एका मिनिटात त्याच्या हातून ठरावीक काम होते. ऑगस्ट २०१४ पूर्वी ही यंत्रणा एका वेळी ४०,००० लोकांना सामावून घेई व मिनिटाला २,००० तिकिटे देई. नवी यंत्रणा १,२०,००० लोकांसाठी उभारली गेली. आता त्रैराशिक मांडा: ४०,००० लोकांमागे २,००० तिकिटे, तर १,२०,००० लोकांमागे किती? उत्तर ६,०००. प्रत्यक्षात तिची क्षमता ७,२०० ठेवण्यात आली, म्हणजे प्रमाणाहून शेकडा २० अधिक. पंगतीची पाने मोजली, तरी भात थोडा जास्तच शिजवावा लागतो!

मात्र त्रैराशिकात कोणता आकडा घालावा, हे गणित सांगत नाही. समजा, दिवसाला ४,३२,००० तिकिटे विकली जातात. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी भागले, तर मिनिटाला अवघी ३०० येतात. पण लोक असे समान वाटून येत नाहीत. वातानुकूलित वर्गाची तत्काळ तिकिटे सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांची ११ वाजता खुली होतात. त्या क्षणी एकच झुंबड उडते. सरासरीवर विसंबलेली यंत्रणा नेमकी तेव्हाच कोलमडेल, आणि शस्त्रक्रियेसाठी मुंबईस निघालेला रुग्ण किंवा परीक्षेस जाणारा विद्यार्थी तिकिटावाचून राहील. म्हणून हिशेब गर्दीच्या मिनिटाचा करावा.

आणखी एक मेख आहे. सर्व्हर दुप्पट केले, तरी काम दुप्पट होतेच असे नाही. खिडक्या दहा असल्या, तरी जागांची नोंदवही एकच असते. एक आसन दोघांना जाऊ नये म्हणून प्रत्येक कारकुनाला तिच्यासाठी थांबावे लागते. तिथे सम प्रमाण सुटते.

विद्यार्थी मित्रहो, त्रैराशिकाची रीत पाठ असणे चांगले. ती कोठवर लागू पडते, हे ओळखणे त्याहून चांगले.