वनौषधी आणि संगणकाची चाळणी

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी झळके : हळदीत, तुळशीत, नाही तर ज्येष्ठमधात करोनाला रोखणारे द्रव्य सापडले. सापडले कोठे? तर संगणकात! इकडे घरोघर काढा उकळतच होता. त्याला या बातमीने आणखी जोर चढे. तेव्हा हे ‘संगणकात सापडणे’ म्हणजे काय, ते पाहू या.

विषाणूला स्वतःचा संसार नसतो. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपली प्रथिने तिच्याकडून करवून घेतो. करोनाच्या विषाणूची बरीचशी प्रथिने आधी एका लांब, सलग माळेसारखी तयार होतात. ती माळ नेमक्या जागी कापली गेली, तरच तिचे तुकडे कामाचे. हे कापण्याचे मुख्य काम विषाणूचेच एक प्रथिन करते. त्याला आपण कात्री म्हणू. कात्री अडली की विषाणूची वाढ खुंटली. शांघायच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या कात्रीची घडण शोधून काढली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती जगाला खुली झाली.

या कात्रीला एक खाच असते. कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर या जर्मन रसायनज्ञाने १८९४ मध्येच देऊन ठेवली आहे. वनस्पतीतल्या द्रव्याचा रेणू संगणक त्या खाचेत बसवून पाहतो. उलटा, आडवा, मुरडून, नाना तऱ्हांनी. मग पकड किती घट्ट बसेल याचा अंदाज करून गुण देतो. हे गुण उणे आकड्यांत असतात. उणे सहापेक्षा उणे नऊ बरे. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या सूचीत १,७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली ९,५९६ द्रव्ये आहेत. इतकी द्रव्ये शुद्ध करून एकेक तपासायची तर माणसाचा जन्म पुरायचा नाही. तेव्हा चाळणी हवी, यात वाद नाही.

पण चाळणीची भोके केवढी आहेत? ‘ऑटोडॉक व्हिना’ हा यासाठीचा फार वापरातला प्रोग्रॅम. त्याच्या कर्त्यांनी २०१० मध्ये स्वतःच नोंदवले, की अंदाज सुमारे २.८५ किलोकॅलरींनी चुकू शकतो. आता गंमत बघा. गुणांत सुमारे १.४ चा फरक म्हणजे पकडीत दसपट फरक. म्हणजे चूक शंभरपटीच्या घरात! मग उणे ७.८ वाला पहिला आणि उणे ७.४ वाला पाचवा, या क्रमाला कितीसा अर्थ?

शिवाय द्रव्य रक्तात पोहोचेल का, हे खाच सांगत नाही. हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषले जाते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हायझिनने २००३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत सार्सचा विषाणू खरोखर रोखला होता, तोही पेशींवर, संगणकात नव्हे. पण त्याला मात्रा फार मोठी लागली. आणि ज्येष्ठमध अती झाले तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा आक्षेप मला अगदीच गैर वाटत नाही. पण मग बाजारातून आणलेली वेल कोणती, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे?

त्या कात्रीवर औषध निघाले, नाही असे नाही. निर्माट्रेल्व्हिर हे त्याचे नाव. अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरात त्याला परवानगी मिळाली, तीही दोन हजारांवर रुग्णांत पारखल्यानंतर. ते वनस्पतीतले नव्हे, प्रयोगशाळेत घडवलेले. त्याच्याबरोबर रिटोनाव्हिरची गोळीही घ्यावी लागते, कारण एरवी आपले यकृत त्याचा लवकर फडशा पाडते. नुसत्या खाचेत पाहणाऱ्या संगणकाला ही अडचण दिसण्यासारखी नव्हतीच.