हाड जुळलं, पण पाय चालू झाला का?

आषाढात तुकोबांची पालखी पुण्याचा निरोप घेऊन सोलापूर रस्त्याला लागते आणि लोणी काळभोरला मुक्काम करते. त्या संध्याकाळी गावात जागोजागी वारकऱ्यांच्या पायांची सेवा चालते. कुणी तळवे चोळून देतं, कुणी सुजलेल्या घोट्याला हळदीचा लेप लावतं. वर्षाचे उरलेले दिवस हाच रस्ता तेल डेपोंच्या टँकरांचा, उसाच्या ट्रॉल्यांचा आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकींचा असतो. मुरगळलेल्या घोट्यापासून चुरा झालेल्या नडगीपर्यंत सगळं काही या रस्त्यानं पाहिलेलं आहे. आणि ज्याचं हाड मोडतं त्याच्याकडे सल्ले आपोआप चालत येतात.

या सल्ल्यांचा रोख बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर असतो : ऑपरेशन करायचं की नाही? खरं तर उपचाराचा निकाल बराचसा ऑपरेशनच्या आधीच्या काही तासांत आणि नंतरच्या काही महिन्यांत ठरतो. एक्स-रेवर हाड छान जुळलेलं दिसतं, पण माणसाला मांडी घालता येत नाही, जिना चढता येत नाही, असं घडतं ते याच दोन टोकांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. काही समज म्हणूनच तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : बोटं हलतात, म्हणजे हाड मोडलेलं नाही

वस्तुस्थिती : बोटं हलवणारे स्नायू आणि मोडलेलं हाड यांचा दर वेळी संबंध असतोच असं नाही. नडगीशेजारचं बारीक हाड मोडलेला माणूस लंगडत का होईना, चालतो. मनगटातलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलं, तर पहिल्या एक्स-रेतही ते अनेकदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो.

घोट्यासाठी मात्र एक सोपी कसोटी आहे. ती १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी मांडली आणि आज जगभर वापरली जाते. जखमी माणसाला चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या अथवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला दाबल्यावर थेट हाडावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचा. लहान मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहावं. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा थर असतो. मोठ्या माणसाचा जिथे नुसता पाय मुरगळतो, तिथे मुलाच्या या थराला इजा झालेली असू शकते.

गैरसमज : घट्ट बांधलं की हाड लवकर बसतं

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा समज हाच. कामट्या लावून, लेप देऊन करकचून बांधलेला हात-पाय आतून सुजत जातो आणि सुजेला पसरायला जागा उरत नाही. आतला दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. साधारण सहा तास रक्तपुरवठा तुटला, तर स्नायू कायमचे मरायला लागतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला आखडलेला, पंजासारखा वळलेला हात हा याचाच परिणाम. हाडवैद्याच्या पट्टीनं हे होतं, तसंच दवाखान्यात घातलेल्या घट्ट प्लास्टरनंही होतं.

ओळखायचं कसं? प्लास्टरबाहेर दिसणारं नख दाबून सोडायचं. ते पांढरं पडून दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पण नख गुलाबी दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण सुरुवातीला रंग ठीकच असतो. खरी खूण वेदनेत असते. मोडलेल्या हाडाचं दुखणं बांधल्यावर कमी व्हायला हवं. ते वाढतच गेलं, गोळीनंही थांबेना आणि दुसऱ्या कुणी बोटं हळूच सरळ करताच रुग्ण किंचाळला, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठून प्लास्टर कापून घ्यायचं.

अपघाताच्या जागी बांधायचं ते हाड बसवण्यासाठी नसतं, ते हलू नये म्हणून असतं. पुठ्ठा, छत्री, घडी केलेलं वर्तमानपत्र यांपैकी काहीही चालतं. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे आधारात यायला हवेत आणि गाठ सैल हवी. हाताला मार असेल तर बांगड्या आणि अंगठी, पायाला असेल तर जोडवी आधी काढावीत. तासाभरानं ती कापावी लागतात.

गैरसमज : उघड्या जखमेला साबणानं खसखसून धुतलं की काम झालं

वस्तुस्थिती : हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर ते हातानं आत ढकलायचं नाही. स्वच्छ कापडानं झाकायचं आणि रुग्णालय गाठायचं. अशा जखमेत प्रतिजैविकाचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल, तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी. धुण्याबद्दल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीनं डॉक्टरांचाही समज खोडला. भारतासह पाच देशांतल्या सुमारे २४०० रुग्णांवर झालेल्या या चाचणीत साबणाच्या द्रावणानं जखम धुतलेल्या गटात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण १४.८ टक्के निघालं. साध्या सलाइनच्या गटात ते ११.६ टक्के होतं. हा निष्कर्ष रुग्णालयात होणाऱ्या सफाईबद्दल आहे, पण जखमेवर चुना, हळद किंवा ऑइल लावणाऱ्यांनीही त्यातून घ्यायचं ते घ्यावं.

गैरसमज : ऑपरेशन म्हणजे आधुनिक, प्लास्टर म्हणजे जुनाट

वस्तुस्थिती : मांडीचं हाड मधोमध मोडलेल्या प्रौढ माणसाला पूर्वी वजन लटकवून कित्येक आठवडे खाटेवर पडून राहावं लागे. १९३९ मध्ये जर्मनीत गेरहार्ड क्युन्चर यांनी हाडाच्या पोकळीतून सळई घालण्याची पद्धत वापरली आणि ते दिवस सरले. आज असा रुग्ण काही दिवसांत वॉकर घेऊन उभा राहतो. इथे ऑपरेशनला तोड नाही.

खांद्याजवळ मोडलेल्या दंडाच्या हाडाची गोष्ट वेगळी निघाली. ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना झोळी देऊन व्यायाम शिकवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कोणतं हाड, कुठे मोडलं, किती सरकलं आणि रुग्णाचं काम काय, यावर उपचार ठरतो. म्हणून डॉक्टरांनी प्लास्टर सुचवलं तर ते पैसे वाचवण्यासाठीच आणि ऑपरेशन सुचवलं तर ते पैसे काढण्यासाठीच, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे.

गैरसमज : आजीच्या वयाला आता ऑपरेशन झेपणार नाही

वस्तुस्थिती : न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीपुढच्या माणसाला अंथरूणच जास्त झेपत नाही. पडून राहिल्यानं छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात. शक्य तर पहिल्या एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून रुग्णाला उभं करावं, असं जगभरचं वैद्यक सांगतं. मग आणखी घाई केली तर? भारतासह १७ देशांतल्या २९७० रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि निष्कर्ष २०२० मध्ये आले. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालेल्यांत तीन महिन्यांतलं मृत्यूचं प्रमाण ९ टक्के, तर साधारण २४ तासांत झालेल्यांत १० टक्के होतं. म्हणजे जीव वाचण्यात खास फरक पडला नाही. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर चालू लागले. रक्ततपासणीसाठी अर्धा दिवस गेला म्हणून घाबरू नये, पण नातेवाईक जमेपर्यंत आठवडा घालवू नये.

गैरसमज : दीड महिना झाला, आता पाय कामाला लागला पाहिजे

वस्तुस्थिती : सहा आठवड्यांचा हिशोब बहुतेक हाताच्या हाडांना लागू पडतो. नडगीला चार ते सहा महिने लागू शकतात, कारण तिच्या पुढच्या बाजूला मांसाचं आवरण जवळजवळ नाही आणि रक्तपुरवठा बेताचा. पायाचं सूप, कांडवेल, कॅल्शियमच्या गोळ्या यांनी हा काळ निम्म्यावर येत नाही. पोटात पुरेशी प्रथिनं जावीत, ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढावं. आणि विडी-सिगारेट बंद करावी. धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका बराच जास्त असतो, हे वारंवार दिसलेलं आहे. तंबाखू आणि मिश्रीतही निकोटिन असतं, हे घरातल्या बायकांनाही सांगायला हवं.

विश्रांतीचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. मनगटाला प्लास्टर असलं तरी बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. गळ्यात हात अडकवून महिनाभर स्वस्थ बसलेल्याचं मनगट जुळतं आणि खांदा आखडतो. फिजिओकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे.

गैरसमज : रॉड काढलाच पाहिजे, आणि बदललेला गुडघा दहा वर्षांत जातो

वस्तुस्थिती : प्रौढांत रॉड किंवा प्लेट टोचत नसेल, संसर्ग नसेल, तर ती आयुष्यभर राहू शकते. काढल्यावर काही काळ त्या जागी हाड पुन्हा मोडण्याची भीती असते. मुलांचं गणित वेगळं, त्यांच्यात ती अनेकदा काढतात.

जुन्या इजेनं किंवा वयानं झिजलेल्या गुडघ्याबद्दलची भीतीही अशीच. अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे ते पंतप्रधान असताना, २००० आणि २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. पुण्यात डॉ. कांतीलाल संचेती यांनी ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली, तेव्हापासून किमतीची मनमानीही आटोक्यात आली.

गैरसमज : रस्त्यावरच्या जखमीला हात लावला की पोलिसांचा ससेमिरा लागतो

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. तेव्हा सोलापूर रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं, तर आधी १०८ ला फोन करावा, त्याचा मोडलेला पाय आहे तसा आधार देऊन ठेवावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला रिक्षात कोंबू नये.