दत्तपूरचे कुष्ठधाम

कुष्ठरोग्याला पूर्वी गाव वाळीत टाकी. म्हणून रोगी आपले चट्टे दडवी आणि उपचारावाचून रोग बळावे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे अशा रोग्यांसाठी कुष्ठधाम उघडले. तेथे केवळ मलमपट्टी होत नसे. रोगी शेतीत राबत, सूत कातीत. भीक मागणाऱ्या हातांना काम मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे!

पुढे डॅप्सोन हे गुणकारी औषध आले. तरी दडलेला रोगी दवाखान्याची पायरी चढेना. तेव्हा १९५१ साली वर्ध्यास निघालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन या संस्थेने उलट वाट धरली. तिचे कार्यकर्ते घरोघर जात, अंगावरचा बधिर चट्टा तपासत, शेजाऱ्यांची समजूत घालत आणि रोग्याला त्याच्या माणसांतच ठेवून औषध देत.